आईच्या हातचा स्वेटर

बाहीला चिकटलेला तो लोकरीचा तुकडा बोटभरसुद्धा नव्हता, पण तपासणीच्या टेबलाखालून येणाऱ्या उजेडात तो नको तेवढा स्पष्ट दिसत होता – पिवळसर मोहरी रंगाचा, जागोजाग वळलेला, कुरळा. नवी लोकर अशी नसते. एकदा विणून उसवलेली लोकर मात्र लपत नाही, तिला कितीही ताणा, सोडली की ती पुन्हा आपल्या जुन्या टाक्यांच्या वळणावर जाते... तिनं तो चिमटीत धरला, ताणला, सोडला. तो आखडला. समोरून राखाडी कापडाचं ठाण सरकतच होतं, आणि त्यातला एक तुटका धागा डोळ्यांसमोरून निघून गेला, हे तिला तो गेल्यावर कळलं. तिनं पायानं कळ दाबून यंत्र थांबवलं, कापड मागं घेतलं, दोषाच्या जागी खडूनं फुली मारली आणि काठाला लाल दोरा बांधला. तुकडा कुठं टाकावा ते तिला सुचेना. शेवटी तो तिनं खिशात ठेवला.

गिरणीच्या तपासणी खात्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. कापड चांगलं आहे हे सांगायचा पगार तिला मिळत नव्हता, कुठं चुकलंय ते सांगायचा मिळत होता, आणि अशी नोकरी माणसाच्या डोळ्यांत घर करते. पडदा पाहिला की तिला पडदा दिसत नसे, शिवण दिसे. "आई, तू कुणाच्या घरी गेलीस की माणसांना मागून भेटतेस, आधी त्यांच्या उशांच्या अभ्र्यांना," असं लेक म्हणायची, आणि सगळे हसायचे, तीही हसायची. खरं तर तिला त्याचा थोडा अभिमानच होता. शेजारच्या टेबलावरची तिला 'भिंग' म्हणायची. "भिंग, आज अर्ध्या दिवसानं जाणार ना तू? नातवाला बघायला?" आत्ताही तिनं यंत्राच्या आवाजात ओरडून विचारलं. "हो, आई पण येणार आहे," तिनं ओरडून सांगितलं, आणि ती पुन्हा कापडाकडे वळली.

टेबलाखाली तिच्या पायाशी पिशवी होती आणि पिशवीत मऊ कागदात गुंडाळलेला स्वेटर. आईनं विणलेला. म्हणजे – आईनं विणलेला म्हणून आज चार माणसांत दाखवायचा.

आईचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आपल्या घरात लोकर मरत नाही." मूल वाढलं, स्वेटर आखूड पडला, की तो टाकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, उसवायचा. खुर्चीच्या पाठीभोवती लडी घालायची, कोमट पाण्यात धुवायची, खाली वजन बांधून वाळत टाकायची, म्हणजे वळणं निम्मी जातात – "निम्मीच गं, सगळी नाही जात. जाऊही नयेत" – आणि मग पुढच्या मुलाच्या मापानं पुन्हा टाके घालायचे. कमी पडली तर थोडी नवी जोडायची. ही मोहरी रंगाची लोकर पहिल्यांदा तिच्याच अंगावर शाळेत गेली होती, मग धाकट्या भावाच्या, मग तिच्या लेकीची कानटोपी आणि पायमोजे झाली होती. आणि तपकिरी लोकर वडिलांची. वडील गेले त्या वर्षी आईनं त्यांचा स्वेटर काढला आणि काही न बोलता उसवायला घेतला. ती समोर बसून गुंडा करत होती... लोकर आईच्या मांडीवरून सुटून तिच्या हातात येत होती, स्वेटर वरून कमी कमी होत चालला होता, आधी गळा गेला, मग खांदे, आणि दोघींपैकी कुणीही मान वर केली नव्हती. तेव्हापासून आई जे काही विणी त्याच्या खालच्या काठाला, आतल्या दुमडीत, तपकिरी लोकरीच्या ओळी घाली. बाहेरून दिसायच्या नाहीत. ज्याला माहीत आहे त्यानं काठ उलटून पाहावं.

आणि टाका. आईचा टाकाही घरचाच होता. आजी डावखुरी, आणि तिनं आईला विणायला शिकवलं ते समोरासमोर बसून. आरशात पाहून केल्यासारखं सगळं उलटंपालटं होऊन आईच्या उजव्या हातात आलं, लोकर सुईभोवती भलत्याच बाजूनं फिरू लागली, आणि तिचा प्रत्येक टाका मांडी घालून बसल्यासारखा एका पायावर दुसरा पाय टाकून बसू लागला. त्यामुळं त्यांच्या घरचा स्वेटर कधी सैल पडला नाही, पण किंचित एका अंगाला कललेला असायचा. जुन्या फोटोंत सगळी भावंडं थोडी वाऱ्यात उभी असल्यासारखी दिसतात... फोटोत ती गंमत वाटते. शाळेत गंमत नव्हती.

शाळेत शिवणाच्या बाई होत्या. प्रदर्शनाच्या दिवशी आया आल्या होत्या, आईही आली होती, केसांना पाणी लावून, आणि बाईंनी तिचा नमुना उचलून सगळ्या वर्गाला दाखवला. "हे बघा. हात चांगला आहे, पण मुळातच चुकीचं शिकवलंय. घरी कोण शिकवतं?" कुणीतरी फिसकन हसलं. आई पुढं झाली आणि म्हणाली, "मीच. माझंच चुकतं बाई, तिचं नाही." एवढंच. भांडली नाही, आजीचं नाव घेतलं नाही. घरी येताना रस्त्यात म्हणाली, "बाई सांगतील तसं विण. मला तसं नाही जमायचं आता." आणि ती तसं शिकली. हट्टानं शिकली. सरळ, मोकळा, पुस्तकातल्या चित्रासारखा टाका. वर्गात तिचा नंबर आला, आणि प्रदर्शनाच्या त्या दिवशी आई मागच्या बाकापाशी उभी असताना आपण दुसरीकडे, खिडकीकडे बघत होतो, हे मात्र तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

ठाण संपलं. तिनं नवं लावलं नाही, हात पुसले, पिशवी उचलली. बाहेर ऊन होतं पण थंडी हटली नव्हती. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ती बसली, आणि आतला कागद दर धक्क्याला चुरचुरत राहिला.

लेक बाळंत झाली आणि थोड्याच दिवसांत आईनं फोन करून बोलावलं होतं. आई धाकट्या भावाकडे राहते. दारातच तिनं पुडकं हातात ठेवलं. "उघड. बटणं मात्र तू लाव, मला सुईत दोरा ओवता येत नाही आता." डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब होती. पाठीत एक टाका गळून खालपर्यंत शिडी पडली होती. आणि पुढच्या दोन्ही पट्ट्यांवर काजं – बटणं लावायला जागाच नाही, इकडचं काज तिकडच्या काजाकडे बघत बसलेलं. आधी तिला हसूच आलं होतं. मग तिनं आईकडे पाहिलं, आणि आई तिच्या तोंडाकडे बघत होती, बाळाला कसं दिसेल ते तिच्या चेहऱ्यावरच दिसणार असल्यासारखी. "छान झालाय," ती म्हणाली. "बाही जरा लांब ठेवलीय," आई म्हणाली, "वाढीला." एकच बाही वाढीला. पण आईला ती एकच आहे हे माहीत नव्हतं.

त्याच दिवशी जाऊन दिला असता तर कदाचित... पण ती लेकीकडे गेली तेव्हा विहीणबाई होत्या, त्यांच्या दोन मावसबहिणी होत्या, मधल्या टेबलावर आलेल्या भेटी मांडून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक भेट उघडली की ती हातोहात फिरत होती. "हे कुणी आणलं? किती सुबक." तिनं पिशवीत हात घातला. हाताला आधी ती लांब बाही लागली. आणि तिला दिसलं – अगदी समोर दिसलं – की ही बाही आता हातोहात फिरणार, एक जण दुसरीकडे बघणार, कुणी काही बोलणार नाही, चांगली माणसं आहेत, बोलणार नाहीतच, आणि त्या न बोलण्यात आपली आई मुळातच चुकीची ठरणार. आणि आईची म्हणून आपण. खोटं कशाला बोला, यातलं हे दुसरंच आधी मनात आलं होतं. हात सरकला आणि शेजारच्या, दुकानातून घेतलेल्या खोक्यावर गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोकं हातोहात फिरलं आणि सगळ्यांना आवडलं.

रात्री आईचा फोन. "घातला का गं?"

"घातला."

"बाही कशी बसली?"

"मापात."

"आणि बटणं?"

"लावली ना. पांढरी."

पांढरी! कुणी रंग विचारला होता? खोटं बोलणाऱ्याला तपशिलाची फार हौस असते. आई समाधानानं म्हणाली, "आता थंडी जरा ओसरली की मीच येते. अंगावर बघायचाय मला."

चोराच्या मनात चांदणं, तसं तिचं होऊन बसलं. भावाचा फोन वाजला तरी तिला वाटे, आईनं ओळखलं. मग एका सुट्टीच्या दिवशी तिनं ठरवलं, उसवायचा आणि पुन्हा विणायचा. लोकर तीच, घर तेच, फक्त मापं नीट. यात वाईट काय आहे? उसवणं तर आपल्या घरचीच रीत. तिनं स्वतःला असं छान समजावलं, इतकं छान, की गाठ कापताना हात जराही अडखळला नाही.

मोहरी लोकर सुटत गेली. तपकिरी सुटेना. ती इतकी जुनी होऊन गेली होती की ओढली की तुटत होती, वीतवीतभर, मग बोटबोटभर, आणि टेबलावर तिचा केसांसारखा एक पुंजका झाला. जोडता आली असती. प्रत्येक तुकड्याला गाठ मारून, नाहीतर नव्या लोकरीबरोबर दुहेरी धरून आईनं ती जोडलीच असती, या आधी कितीदा जोडली असेल. पण तिच्या डोळ्यांना त्या गाठी आधीच दिसायला लागल्या. एकसारख्या काठावर गाठींची रांग. तिनं पुंजका उचलला आणि ओट्याखालच्या बादलीत, सालींवर टाकला. मग जेवणाची भांडी घासली. मोहरीही कमी पडली, कारण विरलेला भाग तिनं कापून टाकला होता. ती दुकानात जाऊन तशाच रंगाची नवी लोकर जुळवून घेऊन आली.

आईचा टाका घालून पाहिला तिनं, नाही असं नाही. चार ओळी विणल्या. हात ऐकेना. भलत्या बाजूनं न्यायची लोकर बोटं आपोआप योग्य बाजूनं नेत होती, आणि मध्येच एखादा टाका मांडी घालून बसला तर शेजारचे सगळे त्याच्याकडे परक्यासारखे बघत होते. उसवून टाकल्या त्या ओळी. आपल्या टाक्यानं घेतला मग. आणि... हे तर कुणालाच सांगता येणार नाही... विणताना तिला आनंद झाला. दोन्ही बाह्या समोरासमोर धरल्या तेव्हा केसाचाही फरक नव्हता. टाक्याला टाका सारखा. खात्यात हे कापड आलं असतं तर तिला एकही फुली मारता आली नसती. आईचं काम पुसून टाकताना माणसाला आनंद होतो का? झाला होता.

लेकीनं दार उघडलं. बाळ नुकतंच उठलेलं होतं. आतल्या खोलीत दोघींनी त्याला स्वेटर चढवला. इवल्या मुठी बाहीतून बाहेर काढताना लेक हसत होती, मग तिचं हसू जरा थांबलं. तिनं स्वेटरवरून बोट फिरवलं.

"आई, हे आजीचं आहे?"

"मग कुणाचं?"

"नाही, म्हणजे... फारच सरळ आहे गं. आजीचं जरा तिरकं असतं ना. माझी टोपी आठवतेय मला, तिचा गोंडा कायम एका कानावर यायचा."

"तेव्हा वेगळं होतं. आता सावकाश विणते ती. वेळच वेळ आहे."

लेकीनं मान डोलावली. विश्वास बसला म्हणून, की आईशी वाद नको म्हणून, ते कळलं नाही. लेकीला ती तिरकी टोपी हवी होती, हे मात्र कळलं. जिच्यासाठी एवढी सारवासारव केली तिलाच ती नको होती. ही गोष्ट इतकी साधी, आणि ती एकदाही डोक्यात आली नव्हती.

विहीणबाई चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवायला त्या वाकल्या तेव्हा त्यांच्या कोपरावर रफू दिसलं. तिची नजर तिथंच जायची. जुना, धुऊन धुऊन विटलेला स्वेटर आणि कोपरावर घाईघाईनं, भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं केलेलं रफू. या बाई असला स्वेटर घालून पाहुण्यांसमोर वावरत होत्या आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मागच्या वेळीही हाच घातला असेल त्यांनी. मागच्या वेळी मला दिसला नाही, मला काहीच दिसलं नाही, मी माझी पिशवी सांभाळत होते... तिनं चहाचा पेला उचलला. ज्यांच्यापुढं लाज वाटावी असं इथं कुणी नव्हतंच. ती आपल्या घरूनच लाज बरोबर घेऊन आली होती.

मग भाऊ आईला दारापर्यंत सोडून गेला. परतताना ती आईला टॅक्सीनं नेणार होती. आई आत आली ती हळूहळू, भिंतीला हात लावत, चष्म्याची काच पुसत. विहीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, पाठीशी उशी दिली, आणि लेकीनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"आलास का रे," आई बाळाला म्हणाली, जणू तेच तिच्याकडे आलं होतं. मग तिनं त्याचं कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, हनुवटी पाहिली. कुणावर गेलंय ते सांगितलं. सगळे हसले. आणि मग तिचा हात स्वेटरवर आला.

बोटं खांद्यावरून बाहीवर गेली, मनगटापाशी थांबली. दुसऱ्या बाहीवर गेली, थांबली. पुढच्या पट्टीवर पांढरी बटणं होती, ती तिनं एकेक चाचपली. मग अंगठा छातीवरून आडवा फिरला, मागं आला, पुन्हा फिरला, आंधळा माणूस ओळखीच्या खोलीत सामान हलवलेलं असलं की चालतो तसा.

"आजी, कमाल आहे हं तुमची," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरंच मनापासूनचं कौतुक होतं. "या वयात इतकं नेटकं! एक टाका इकडचा तिकडं नाही. मी तर सगळ्यांना दाखवणार आहे."

 आईनं बाळाच्या पोटाशी असलेला काठ दोन बोटांनी धरला आणि उलटला. आत मोहरी रंगच होता. तिनं चष्मा नाकावर वर केला, पुन्हा पाहिलं. मग काठ सरळ केला, वरून दोनदा हात फिरवून बसवला.

आता बोलेल, तिला वाटलं. बोल आई. बोलून टाक सगळ्यांच्या देखत. पेला हातात तसाच होता आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरीही त्या क्षणी तिला दुसरं काही नको होतं, आईनं मान वर करून 'हा माझा नाही' एवढं म्हणायला हवं होतं.

"हो," आई म्हणाली. "मध्ये जरा बिघडला होता हात. आता पुन्हा बसलाय."

हे म्हणताना तिचे कान लाल झाले होते. आई कधी खोटं बोलत नसे असं नव्हतं, घर चालवणारी कुठली बाई बोलत नाही, पण तिला ते कधी जमलं नव्हतं. विहीणबाईंनी आणखी काही विचारलं, किती दिवस लागले, डोळे शिणत नाहीत का, आणि आई एकेका प्रश्नाला एकेक खोटं जोडत राहिली, चाचपडत, पुढचं कुठं लागेल त्याचा अंदाज घेत. आईचं खोटं हिच्या खोट्याला कुठं छेद देत नव्हतं. बाळ रडायला लागलं तेव्हा दोघींची सुटका झाली.

टॅक्सीत आई खिडकीशी बसली. बराच वेळ दुकानं, पाट्या, रस्ता ओलांडणारी माणसं एवढंच जात राहिलं. ती वाट बघत होती. तपकिरी लोकर कुठं आहे, हा एक प्रश्न येणार होता आणि त्याचं उत्तर तिनं तयार ठेवलं नव्हतं. मुद्दामच ठेवलं नव्हतं. तिनं ठरवलं होतं, विचारलं की खरं सांगायचं, बादलीसकट, सालींसकट. आईनं रागवावं. आयुष्यात एकदा तरी आईनं भांडावं.

"काय चुकलं होतं गं माझं?" आईनं विचारलं.

"कशात?"

"आता कशाला. सांग की."

"काही नाही विशेष... एक बाही जरा लांब झाली होती."

"केवढी?"

"बोटभर."

चार बोटांचं तिनं बोट केलं. इथंही मापच सुधारलं.

"आणखी?"

"बस. एवढंच."

आई मान हलवत राहिली. "बोटभरासाठी कुणी सगळा उसवत नाही," ती म्हणाली, पण ते दोष देऊन नाही, स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारखं. "बरंच बिघडलं असणार. दिसत नाही मला आता, आणि विणताना वाटतं सगळं नीट चाललंय. तसाच नेला असतास तर त्या लोकांत तुला मान खाली घालावी लागली असती. बरं केलंस. झाकलंस माझं. उपकार झाले बाई तुझे."

"आई, तसं नाही –"

"असू दे गं." आईनं तिच्या गुडघ्यावर थोपटलं. मग जरा पुढं झुकून, चालकाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, काहीतरी खोडी ठरवत असल्यासारखी म्हणाली, "आता असं करू. पुढचं तूच विणत जा. नाव माझं सांग. बघ, आज कळलं का कुणाला?"

यात टोचणी होती का? तिनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला इतकी वर्षं कापडातला विरलेला धागा लांबून दिसत आला होता, पण आईच्या चेहऱ्यावर राग होता, की थट्टा होती, की नुसतीच सुटका, तिला काही ओळखू येईना. तपकिरी लोकरीचं आईनं विचारलं नाही. विचारणारही नाही, हे तिला तेव्हा कळलं, आज नाही आणि पुढंही कधी नाही. शिवणाच्या बाईंना तरी आईनं काही विचारलं होतं का?

"सांगशील ना?" आई म्हणाली.

"सांगेन," ती म्हणाली.

आई पुन्हा खिडकीकडे वळली. तिचे हात मांडीवर होते, आणि डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं, इतकं घट्ट की बोटांची टोकं पांढरी पडली होती. आधी तिला वाटलं, थंडी वाजत असेल. मग लक्षात आलं, आई कंप धरून ठेवतेय. आजवर आईनं तो कधी लपवला नव्हता. बशीत चहा सांडायची आणि म्हणायची, "बघ, हात आपोआप विणतोय, नुसत्या सुया द्यायच्या बाकी आहेत." भावासमोर, शेजाऱ्यांसमोर, कुणाहीसमोर म्हणायची. आत्ता टॅक्सीत दोघींशिवाय कुणी नव्हतं. चालक समोर बघत होता.

म्हणजे ते लपवणं तिच्यापासून होतं. आई तिला लाजत होती.

तो हात आपल्या हातात घ्यावा असं तिला फार वाटलं. पण घेतला असता तर आपल्याला दिसलंय हे आईला कळलं असतं, आणि मग आईनं तो आणखी कुठं लपवला असता. ती आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघू लागली. जिथं बघायचं नव्हतं तिथं न बघणं तिला लहानपणापासून येत होतं, आणि तरी आता ते जमत नव्हतं. काचेत तिला शेजारचे ते दोन हात दिसत होते, एकाला एकानं पकडून ठेवलेले, आणि घर अजून लांब होतं.